जबलपूरची भूमिका कोणी केली?

प्रश्न : आम्ही मूळचे अमरावतीचे, नोकरीमुळे जबलपूरला स्थायिक झालो. मुलगा आठवीत आहे. यंदाच्या सुट्टीत त्याने ‘इंडियाना जोन्स’, ‘जंगल बुक’, ‘जुरासिक पार्क’ अशा साहसी सिनेमांचा सपाटा लावला आणि आता त्याला जग फिरायचं वेड लागलंय. हवाई आणि न्यूझीलंडच्या खाली बोलणंच नाही. भेडाघाटला चल म्हटलं, तर ‘तिथे काय आहे? दगडच ना?’ म्हणतो. माझ्या शंका दोन. सिनेमा पाहून लागलेली प्रवासाची ओढ खरी असते की चार दिवसांची? आणि या असल्या सिनेमांशी आमच्या जबलपूरचा काही संबंध आहे का?
*– एक पालक, जबलपूर*

उत्तर : दुसरी शंका आधी घेतो, कारण ती सुटली की पहिलीचं अर्धं काम होतं. संबंध आहे आणि चांगला घसघशीत आहे. तुमच्या चिरंजीवांनी पाहिलेल्या तिन्ही सिनेमांचा माग काढत गेलं, तर वाट जबलपूरच्या आसपास येऊन थांबते. गंमत एवढीच, की तिन्हींपैकी एकाचंही चित्रीकरण तिथे झालेलं नाही.

ठग जबलपूरचे, मुक्काम श्रीलंकेत

‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’ हा १९८४ चा सिनेमा. हिंदुस्थानातल्या एका राजवाड्याच्या पोटात ठगांचा अड्डा आहे आणि त्यांचा म्होरक्या मोला राम झाले आहेत आपले अमरीश पुरी. ठगांचं प्रकरण जगभर गाजलं ते मुख्यतः विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यामुळे. तो आधी नरसिंहपूरला आणि मग जबलपूरला होता. फिरंगियासारख्या पकडलेल्या ठगांना माफीचे साक्षीदार करायचं, त्यांच्या तोंडून टोळ्यांची नावंगावं आणि नातीगोती लिहून घ्यायची आणि त्या यादीवरून पुढची धरपकड करायची, ही त्याची पद्धत. ही मोहीम चालली जबलपुरातून. माफीच्या साक्षीदारांना पुढे जबलपुरातच ठेवून तंबू शिवायला आणि सतरंज्या विणायला शिकवलं गेलं. कटनीच्या वाटेवरचं स्लीमनाबाद हे याच स्लीमनच्या नावाचं.

खरे ठग वाटसरूंशी गोड बोलून सोबत करत आणि मोका साधून रुमालाने गळा आवळत. छातीत हात घालून काळीज उपटणं ही हॉलीवूडची भर. इंग्रजांनी तरी ठगांचं भय किती फुगवलं, यावर इतिहासकारांचे वाद अजून मिटलेले नाहीत. आपल्या सरकारने पटकथेत बदल मागितले, तेव्हा निर्मात्यांनी श्रीलंकेत कँडीच्या परिसरात तळ ठोकला. म्हणजे गोष्ट तुमच्याकडची, जंगल सिंहली. ठगांवरचा दुसरा मोठा सिनेमा ‘द डिसीव्हर्स’ (१९८८). त्यात पिअर्स ब्रॉस्नन हा स्लीमनच्या वळणाचा अधिकारी झाला आहे. त्याचं चित्रीकरण भारतात झालं खरं, पण राजस्थानात.

‘डायनोसॉर’ शब्दाच्या आधीचा डायनोसॉर

हाच स्लीमन ‘जुरासिक पार्क’च्या वाटेवरही भेटतो. १८२८ साली जबलपूरच्या छावणीजवळ, बडा शिमला टेकडीच्या परिसरात, त्याला दगड झालेली काही हाडं मिळाली. भारतात नोंदली गेलेली डायनोसॉरची ही पहिली हाडं. तेव्हा ती कुणाची हे सांगणारं कुणी नव्हतं, कारण ‘डायनोसॉर’ हा शब्दच इंग्लंडमध्ये रिचर्ड ओवेनने १८४२ साली घडवला. जबलपूरच्या हाडांना ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव मिळायला १८७७ उजाडलं. पुढे १९३३ मध्ये एका लहानशा मांसाहारी डायनोसॉरला तुमच्या शहरावरून ‘जबलपुरिया’ असं नावही दिलं गेलं. आपल्या गावाच्या नावाचा डायनोसॉर असणं हे आठवीतल्या मुलाला वर्गात सांगायला वाईट नाही.

ही हाडं खडकांच्या ज्या थरात सापडतात, त्याला जगभरचे भूशास्त्रज्ञ ‘लॅमेटा फॉर्मेशन’ म्हणतात. ते नाव भेडाघाटच्या वाटेवरच्या लम्हेटा घाटावरून आलं. स्पीलबर्गच्या १९९३ च्या सिनेमातलं हिरवंगार बेट मात्र हवाईतलं, कौआई. तिथे प्रवासी अजूनही ‘जुरासिक पार्क’ची जागा पाहायला जातात आणि तिथली दृश्यं सुंदरच आहेत. पण डायनोसॉर तिथे कधीच नव्हते. कौआई हे समुद्रातून वर आलेलं ज्वालामुखीचं बेट आहे आणि डायनोसॉर नष्ट झाले त्यानंतर सहा कोटींहून जास्त वर्षांनी ते जन्मलं.

ऐंशी दिवसांतला जबलपूरचा वाटा

तुमच्या मुलाच्या यादीत नसलेला, पण प्रवासवेडाच्या सिनेमांचा आजोबा शोभेल असा एक सिनेमा म्हणजे ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ (१९५६). मूळ कादंबरी ज्यूल व्हर्नची. व्हर्नच्या गोष्टी मराठी मुलांना भा. रा. भागवतांनी ओळखीच्या करून दिल्या, तेव्हा आमच्या पिढीला हा लेखक घरचाच वाटतो.

ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा, ही कल्पना १८७० च्या आधी कुणाला सुचली असती तर ती थापच ठरली असती. ती शक्य कोटीत आली तीन कामांमुळे. मे १८६९ मध्ये अमेरिकेत पूर्व-पश्चिम रेल्वे जुळली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सुवेझ कालवा खुला झाला. आणि तिसरं काम जबलपुरात झालं. अलाहाबादकडून ईस्ट इंडियन रेल्वेची लाइन १८६७ मध्येच जबलपूरपर्यंत पोचली होती. मुंबईकडून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खंडवा, इटारसी करत येत होती. ७ मार्च १८७० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते हा मार्ग खुला झाला आणि मुंबई-कलकत्ता सलग गाडीने जाण्याची सोय झाली. व्हर्नच्या नायकाच्या वेळापत्रकात ‘मुंबई ते कलकत्ता, रेल्वेने : तीन दिवस’ अशी नोंद आहे. ते तीन दिवस जबलपूरच्या सांध्यावर उभे आहेत.

कादंबरीतली गाडी ठाणं ओलांडून घाट चढते, खानदेशातून जाते, बऱ्हाणपूरला थांबते. तिथे नायकाचा नोकर पासपार्तू खोट्या मोत्यांनी मढवलेल्या सपाता विकत घेतो. पुढे बुंदेलखंडाच्या कडेने जाताना अलाहाबादच्या अलीकडे पन्नास मैलांचे रूळच घातलेले नसतात, म्हणून मंडळींना हत्ती विकत घ्यावा लागतो आणि मग जंगल, सती जाणारी राजाची विधवा, तिची सुटका हे सगळं घडतं. ही कथा घडते ऑक्टोबर १८७२ मध्ये. त्या वेळी प्रत्यक्षात ती लाइन अडीच वर्षं चालू होती. व्हर्नला हत्ती हवा होता, त्याने रूळ उखडले. सिनेमात ती हिंदुस्थानी राजकन्या औदा कोण झालं असेल? अमेरिकेची शर्ली मॅक्लेन. तरी या सिनेमाने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर पटकावलं.

आणि नर्मदेने केलेल्या भूमिका

जबलपूरची भूमिका दुसऱ्यांनी केली, तशी जबलपूरनेही दुसऱ्यांची केली. राज कपूरच्या ‘जिस देश में गंगा बहती है’मध्ये पद्मिनीचं ते गाजलेलं गाणं भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांत चित्रित झालं. नाव गंगेचं, पाणी नर्मदेचं! आशुतोष गोवारीकरांच्या ‘मोहेंजोदारो’मध्ये (२०१६) हृतिक रोशन मगरीशी झुंजतो, तेही इथेच. म्हणजे नर्मदेने थेट सिंधुसंस्कृतीचं काम केलं.

भेडाघाटला पंचवटी घाटावरून नाव सुटते. दोन्ही बाजूंना शंभर फुटांपर्यंत चढलेले कडे आहेत. आधी पांढरे, मग पिवळसर, कुठे निळसर, कुठे काळपट. नावाडी वल्हं मारता मारता हिंदीत यमकं जुळवत बोलत असतो : हा दगड हत्तीसारखा, तो मोटारीसारखा, इथे अमकी हिरॉइन उभी होती, तिथून तमक्याने उडी मारली. ‘बंदरकूदनी’ला कडे इतके जवळ येतात, की पूर्वी माकडं एकावरून दुसऱ्यावर उडी मारत असत असं तो सांगतो. या गप्पांत मीठमसाला भरपूर असतो, पण सिनेमा पाहून आलेल्या मुलाला नदीशी बोलतं करायला यापेक्षा चांगला गाइड मिळणार नाही. ऊन उतरल्यावर जावं. त्या वेळी कड्यांचे रंग वेगळे दिसतात.

ओढ खरी की खोटी?

आता पहिली शंका. माझं मत स्पष्ट आहे. ओढ खरी असते, पत्ता खोटा असतो. सिनेमा दोन तासांत माणसाला उठवून बसवतो, आणि ते काम शाळेच्या भूगोलाला वर्षभरात जमत नाही. ‘थ्री इडियट्स’नंतर लडाखच्या पँगाँग सरोवरावर आपल्याकडच्या माणसांची रीघ लागली. ती सगळी मंडळी आधी नकाशात पँगाँग शोधत बसली नव्हती. पण सिनेमा तिकिटाची रांग, पाठीवरचं ओझं, उन्हाची काहिली कापून टाकतो, आणि प्रवासाची आवड मुरते ती नेमकी या कापलेल्या भागात. म्हणून ओढ लागल्यावर लवकरात लवकर, जवळात जवळ कुठेतरी पाय दमले पाहिजेत. न्यूझीलंडची वाट पाहत बसलं, तर ओढ पुढच्या सिनेमापर्यंतच टिकते.

तुमच्याच शहरातलं उदाहरण देतो. चित्रकार आणि लेखक अमृतलाल वेगड (१९२८–२०१८) शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले आणि जबलपुरात कलाशिक्षक झाले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९७७ मध्ये, त्यांनी नर्मदेच्या काठाने टप्प्याटप्प्याने चालायला सुरुवात केली. कधी विद्यार्थी सोबत, कधी पत्नी. त्या पायपिटीतून हिंदी-गुजरातीत पुस्तकं आली, रेखाटनं आली, कागद कापून केलेली कोलाजं आली आणि २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कारही. नदी काय पाहायची, तर दाराशी असलेली. आपल्याकडे काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. वेगडांनी वळसाच घातला, पण कळशाभोवती.

मुलासाठी एक साधी युक्ती सुचवतो. एक सिनेमा पाहिला, की त्याची एक खरी जागा पाहायची :

* *‘जुरासिक पार्क’* पाहिल्यावर लम्हेटा घाट. खडकांचे थर कुठे बदलतात ते शोधायला लावा, वहीत काढायला लावा. दगड फोडायचा नाही, खिशात घालायचा नाही. भेडाघाट-लम्हेटाघाटचा हा परिसर २०२१ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहे.
* *‘टेम्पल ऑफ डूम’* पाहिल्यावर भेडाघाटचं चौसष्ट योगिनी मंदिर. कलचुरींच्या काळातलं, टेकडीवरचं, गोल आवार असलेलं. नाव चौसष्टचं, पण ओवरीतले कोनाडे मोजायला सांगा. ते ८१ भरतात. बऱ्याच मूर्तींखाली योगिनीचं नाव कोरलेलं आहे. जुनी अक्षरं लावण्याचा प्रयत्न करू द्या. खजिना शोधण्यापेक्षा कमी मजा येत नाही.
* *‘एटी डेज’* पाहिल्यावर जबलपूर स्टेशन. प्रयागराजमार्गे जाणारी हावडा–मुंबई मेल आजही याच वाटेने धावते. वेळापत्रक घेऊन व्हर्नच्या नायकाचे तीन दिवस आज किती तासांवर आले, हे त्याचं त्याला काढू द्या.
* *‘जंगल बुक’* पाहिल्यावर कान्हा किंवा पेंच (त्याचा इकडचा संबंध पुढच्या उत्तरात). पावसाळ्यात मुख्य जंगल बंद असतं, ऑक्टोबरपासून जूनअखेरपर्यंत उघडं. बुकिंग आधी करावं लागतं, ते मुलालाच करायला लावा.

भेडाघाटची नौकासफरही पावसाळ्यात बंद असते. धुवांधार धबधब्यापाशी कठडा ओलांडून फोटो काढण्याचं धाडस मात्र सिनेमातल्या डुप्लिकेटांवर सोडावं.

प्रश्न : ‘जंगल बुक’मध्ये मोगलीच्या रानातली नदी ‘वैनगंगा’ आहे असं ऐकलं. ती आमचीच वैनगंगा का? आणि किपलिंग इकडे आला होता का?
*– एक वाचक, भंडारा*

उत्तर : तुमचीच. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटहून गोंदिया-भंडाऱ्यात येते आणि पुढे वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते. किपलिंगने मोगलीचं लांडग्यांचं कुटुंब सिवनीच्या डोंगरात वसवलं आणि नदी घेतली वैनगंगा.

पण या गोष्टी त्याने लिहिल्या अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात. सिवनीचं रान त्याने पाहिलं ते इतरांच्या पुस्तकांतून. स्टर्नडेल नावाच्या लेखकाने १८७७ मध्ये सिवनी आणि सातपुड्यातल्या छावणीजीवनावर पुस्तक लिहिलं होतं, ते त्याच्या कामी आलं. लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांच्या हकिकतींवर पुस्तिका लिहिणारा तर पुन्हा आपला स्लीमनच (१८५२). हा गृहस्थ सिनेमावाल्यांचा खरा पुरवठादार म्हणायचा.

१८९५ च्या दुसऱ्या ‘जंगल बुक’मध्ये मोगली रानकुत्र्यांच्या टोळीला वैनगंगेच्या अरुंद घळीत नेतो आणि कड्यांवरच्या मधमाश्या त्यांच्या अंगावर सोडतो. भेडाघाटला गेलात, तर कड्यांना लटकलेली मोठमोठी पोळी बघा. फोर्सिथ नावाच्या लेखकाच्या १८७१ च्या पुस्तकातही इथल्या मधमाश्यांची धास्ती आहे. त्यांच्यापासून सुटायला पाण्यात उतरलेला एक रेल्वेचा इंजिनिअर बुडाला, अशी हकीकत तो सांगतो. नावाडी त्या भागात आरडाओरडा करू नका म्हणाला, तर ऐकावं.

आणि २०१६ चा ‘जंगल बुक’? त्यात मोगली झालेला नील सेठी तेवढा खरा, बाकीचं रान आणि जनावरं संगणकाची. चित्रीकरण झालं लॉस एंजेलिस शहरातल्या स्टुडिओत, आणि तसं श्रेयनामावलीच्या शेवटी मोकळेपणाने लिहिलंही आहे. पेंचचा व्याघ्रप्रकल्प सिवनी-छिंदवाड्यापासून आपल्या नागपूर जिल्ह्यापर्यंत पसरलेला आहे. भंडाऱ्याच्या माणसाला मोगलीच्या रानात जायला एक दिवस पुरतो.

प्रश्न : सिनेमात पाहिलेल्या जागी लोक झुंडीने जातात आणि त्या जागेचं वाटोळं करतात. मग असे सिनेमे मुलांना दाखवावेत का?
*– एक शिक्षिका, ठाणे*

उत्तर : दाखवावेत, पण दोन गोष्टी सोबत सांगाव्यात.

पहिली थायलंडची. ‘द बीच’ (२०००) या सिनेमात लिओनार्डो डिकॅप्रिओ एका अस्पर्श किनाऱ्याच्या शोधात जातो. तो किनारा म्हणजे माया बे. सिनेमानंतर तिथे बोटींची इतकी गर्दी झाली, की नांगरांनी आणि माणसांनी प्रवाळ उद्ध्वस्त केलं. जून २०१८ मध्ये सरकारने तो किनारा बंद केला. २०२२ च्या जानेवारीत उघडला तो कडक नियम लावून : माणसं मोजून सोडायची, बोटी पाठीमागच्या बाजूला लावायच्या.

दुसरी अलास्काची. ख्रिस मॅकँडलेस नावाचा तरुण सगळं सोडून रानात राहायला गेला आणि १९९२ मध्ये एका मोडक्या बसमध्ये उपाशी मेला. त्याच्यावर पुस्तक आलं, मग २००७ मध्ये ‘इन्टू द वाइल्ड’ हा सिनेमा. ती १४२ नंबरची बस पाहायला लोक निघाले. वाटेतल्या नदीने २०१० आणि २०१९ मध्ये दोघींचा जीव घेतला, कित्येकांना सोडवून आणावं लागलं. शेवटी जून २०२० मध्ये हेलिकॉप्टरने ती बसच उचलून नेली. एका मरणाची गोष्ट पाहून लोक त्याच वाटेने निघावेत, यात दोष सिनेमापेक्षा अर्धवट पाहणाऱ्यांचा जास्त.

तुमच्या वर्गात हे सिनेमे दाखवाल, तेव्हा शेवटी दोन प्रश्न फळ्यावर लिहा. हे खरंच कुठे घडतं आणि चित्रीकरण कुठे झालं? आणि तिथे आपण गेलो, तर त्या जागेचं काय होईल? या दोन प्रश्नांची उत्तरं शोधण्याची सवय लागलेलं मूल कुठेही पाठवा, ते गाव घाण करणार नाही आणि नदीत उडीही घेणार नाही.

जबलपूरच्या वाचकांना एक विनंती. लम्हेटा घाटावर दगडांवर नावं कोरणाऱ्यांना हटकत जा. तो खडक डायनोसॉरांच्या काळातला आहे, आणि युनेस्कोच्या अंतिम यादीत अजून जायचा आहे.